कढीपत्त्यावरच्या अळीची राखण

आज आपण परसातल्या कढीपत्त्याविषयी बोलणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एकीनं झाडाची पानं कुरतडलेली पाहिली आणि उसासाठी आणलेलं उरलेलं औषध फवारलं. दोन दिवसांनी सुनेनं तीच पानं आमटीच्या फोडणीत घातली. वेळीच लक्षात आलं म्हणून सगळी आमटी ओतून दिली. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, खायच्या झाडावर विषारी फवारा नाही. मग पानं खाणारं आहे तरी कोण, ते बघायला लागलो.

ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. लिंबाच्या बागेत, रोपवाटिकेत ती नुकसान करते हे खरं. पण घरच्या मोठ्या झाडावरच्या चार-सहा अळ्यांनी झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू नीलवंत, २०१५ साली मान मिळालेलं, तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं.

या अळीला शत्रू फार. गांधीलमाशी तिला पिलांसाठी उचलून नेते. मुंग्या, कोळी, सरडा, बुलबुल टपलेलेच असतात. पण त्यांना मारायचं नाही हं! वालचंदनगरच्या आसपास आपला सगळा ऊस. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो, त्यातून निघणारी बारीक माशी किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. असल्याच माश्या फुलपाखराच्या अंड्यांवरही जातात. म्हणजे परसात जे अळीचे वैरी, तेच शेतात आपले गडी. म्हणून मारण्यापेक्षा आडोसा करायचा.

आम्ही असं करतो. अळ्या असलेली पालेदार फांदी निवडायची. आत कोळी, मुंग्या नाहीत ना, ते पाहायचं. जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून फांदीवर चढवायची आणि तोंड सुतळीनं बांधायचं. जाळी पानांना चिकटू द्यायची नाही, नाहीतर माशी बाहेरूनच डंख मारते. पाला संपला की अळी पानासकट दुसऱ्या फांदीवर ठेवायची, चिमटीत ओढायची नाही. झाड कुंडीत असेल तर कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, मुंग्या चढत नाहीत. बाजारचा कढीपत्ता मात्र अळीला घालू नका, त्यावर फवारा असू शकतो. निंबोळी अर्कही या झाडावर नको.

दोनेक आठवड्यांत अळी काडीला कोष बांधते. कोष हलवायचा नाही. आठ-दहा दिवसांनी तो काळपट दिसला की जाळी सोडायची. फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवतं, तेवढा वेळ पोरांना लांबूनच बघू द्या. एखाद्या कोषातून माशीच निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, तिचंही पोट आहे.

एकच फांदी झाका, बाकी झाड पाखरांना मोकळं ठेवा. आणि उद्या आमटीला फोडणी देताना पानं बिनघोर तोडा.