नोकरीच्या शोधाची कीर्द आणि खतावणी



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकत आला आहात. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. नोकरी शोधणाऱ्याने आपल्या अर्जांचा आणि ओळखींचा हिशेब कसा ठेवावा, एवढाच तो आहे. विषय लहान खरा. पण ज्या घरात शिकलासवरलेला मुलगा किंवा मुलगी वर्षभर अर्ज करीत बसली आहे, त्या घरात याहून मोठा विषय नसतो, हे आपण जाणताच.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची नोकरी सुटली. सहा महिन्यांत आम्ही साठ-सत्तर अर्ज केले असतील. ‘असतील’ म्हणतो, कारण मोजलेच नव्हते. एके दिवशी मंडईत भाजी घेत असता फोन आला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “आपला अर्ज आमच्यासमोर आहे. पगाराची अपेक्षा तीच समजायची ना?” कोणती कंपनी, कोणती जागा, किती आकडा, आम्हाला काहीच आठवेना. अंदाजाने एक आकडा सांगितला. तो अर्जातल्या आकड्याहून बराच निराळा निघाला. पुन्हा फोन आला नाही. त्या गृहस्थांचा यात काडीचा दोष नव्हता. आमच्यापाशी विद्या होती, अनुभव होता. नव्हती ती एक वही.

आपल्याकडचा जुना दुकानदार दोन वह्या ठेवी. दिवसाचा व्यवहार तो तारखेवार कीर्दीत लिही, आणि मग तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावी. नोकरी शोधणाऱ्यानेही नेमके हेच करावे, असे आमचे सांगणे आहे. वही कागदाची असो वा संगणकावरची, त्याने काही बिघडत नाही.

कीर्द अर्जांची. एका अर्जाला एक ओळ. तारीख, संस्था, जागा, जाहिरात कोठे पाहिली, माहितीपत्रकाची कोणती प्रत पाठविली, पगार किती लिहिला, पुढे काय झाले, आणि पुन्हा विचारणा कधी करायची. यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कारण नुसते ‘वाट पाहत आहे’ असे लिहिलेली ओळ म्हणजे बुडीत खाते होय. जाहिरातीची नक्कल त्याच दिवशी काढून ठेवावी. मुदत संपली की ती संकेतस्थळावरून नाहीशी होते, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री हळहळत बसावे लागते. सरकारी जागांसाठी जाहिरात क्रमांक, अर्ज क्रमांक, शुल्काची पावती आणि शेवटची तारीख यांचीही नोंद हवी. एकाच जागेसाठी दोन मध्यस्थांकडून नाव गेले, तर पुष्कळदा दोघेही हात झटकतात. वही असली म्हणजे हा घोटाळा होत नाही.

आता कोणी म्हणेल, ही कारकुनी कशाला? श्रोतेहो, ही कारकुनी नाडीपरीक्षेचे काम करते. तीस-चाळीस अर्ज जाऊन एकही बोलावणे आले नसेल, तर दोष बहुधा अर्जात आहे, किंवा आपण भलत्याच जागा निवडीत आहोत. बोलावणी येतात पण काम होत नाही असे असेल, तर मुलाखतीची तयारी कमी पडते. वही नसलेल्या माणसाला या दोन दुखण्यांतला फरक कळत नाही. तो एकच निदान करतो, ‘आपणच नालायक’. हे निदान घरोघर होते, आणि त्याने माणसे खचतात. वहीत नकार ही एक ओळ असते. मनात ठेवला तर तोच नकार घरभर पसरतो.

आता खतावणी. ती माणसांची. येथे आपले मन कचरते, कारण आपल्याला वशिल्याची लाज वाटते. ती वाटावीच. पण वशिला निराळा आणि माहिती निराळी. लायकी नसता जागा मिळविणे हा वशिला. अमुक ठिकाणी जागा निघणार आहे हे कळणे ही माहिती. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले की, ती ओळख त्या सुमारास कितपत भेटीतली होती? 1973 साली त्याने उत्तर प्रसिद्ध केले. वरचेवर भेटणारी माणसे 16.7 टक्के, अधूनमधून भेटणारी 55.6 टक्के, आणि क्वचितच भेटणारी 27.8 टक्के! कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते, आणि आपण विसरतो तेही नेमके त्यालाच. म्हणून त्याचे खाते आधी उघडावे.

आइन्स्टाइनचेच उदाहरण घ्या. 1900 साली झुरिकच्या पॉलिटेक्निकातून बाहेर पडल्यावर त्याला स्थिर नोकरी मिळेना. मार्च 1901 मध्ये त्याने लायप्झिगच्या ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाला पत्र लिहिले. उत्तर नाही. एप्रिलमध्ये दुसरे पत्र लिहिले, आणि त्यात म्हटले की, पहिल्या पत्रात आपण पत्ता घातला होता की नाही याची खात्री नाही! लायडेनच्या कामरलिंग ओनेसला तर त्याने उत्तराचे कार्ड जोडूनच पाठविले; तेही कोरेच राहिले. अखेर काम झाले ते मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्रामुळे. ग्रोसमानच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कचेरीचे प्रमुख हालर यांच्याकडे शब्द टाकला, आणि जून 1902 मध्ये आइन्स्टाइन तेथे रुजू झाला. पुढे 1905 सालचा आपला प्रबंध त्याने ग्रोसमानलाच अर्पण केला. आणि ज्या ओस्टवाल्डने उत्तर दिले नव्हते, त्यानेच 1910 च्या नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइनचे नाव सुचविले. तेव्हा न आलेल्या उत्तरावरून कोणाचे खाते कायमचे बंद करू नये.

खतावणीला दोन बाजू असतात. त्या माणसाने आपल्याला जे दिले ते जमा; आपण त्याला जे दिले ते नावे. कोणी नाव सुचविले, कोणी अर्ज वाचून दुरुस्त केला, कोणी नुसते ‘धीर धर’ म्हटले, हे सारे जमेला लिहावे. नावे बाजूला पहिली नोंद आभाराची, मग ती नोकरी मिळो वा न मिळो. पुष्कळजण नोकरी लागताच वही फेकून देतात. आमचे म्हणणे, कीर्द खुशाल फेका. खतावणी जपून ठेवा. उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा आपल्या दारी माहिती विचारायला येईल. त्या वेळी जमेची बाजू उघडून पाहिली, म्हणजे त्याला दारातून परतविण्याचे धैर्य आपल्याला होणार नाही.

आमच्या वहीत अशी काही देणी अजून बाकी आहेत. आजचे हे चार शब्द त्यांतल्याच एका रकमेची फेड समजावी, अशी विनंती आहे.