केरसुणीची पूजा आणि झाडणारे हात
(वर्षारंभानिमित्त कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



नवे वर्ष उंबरठ्यावर येण्यापूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करावे, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. दिवाळीपूर्वी माळे रिकामे होतात, जळमटे निघतात, डबे घासले जातात. चैत्री पाडव्याआधीही अंगणापासून देव्हाऱ्यापर्यंत हात फिरतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. रीत सुंदर आहे; परंतु ज्या समाजाने केरसुणीला लक्ष्मी मानले, त्यानेच गावाचा केर काढणाऱ्याला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले. सफाईचा विचार या विसंगतीपासूनच सुरू व्हायला हवा.

पहिला प्रश्न श्रमाचा. माळा रिकामा होतो तो कोणाच्या कष्टाने? बहुतेक घरांत बाईच्या. नोकरदार स्त्रीची सणापूर्वीची सुट्टी त्यातच संपते. जिला परवडते ती मोलकरणीला बोलावते. त्या मोलकरणीच्या स्वतःच्या खोलीची सफाई मात्र रात्री, दिवसभराच्या कामानंतर होते. समतेवर व्याख्याने देणारा पुरुष या साऱ्यात शिडी धरण्यापुरताच असेल, तर त्याच्या समतेवरही धूळ बसली आहे असे म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न टाकलेल्या वस्तूंचा. पूर्वी जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई, रद्दी वाण्याच्या पुड्यांना लागे, फुटके पितळ मोडीत जाई. वस्तूला पुढचा मुक्काम असे. आजच्या प्लास्टिकला आणि थर्मोकोलला असा मुक्काम क्वचितच मिळतो. घराबाहेर गेलेला कचरा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या दारात जातो. मुंबईने १९२७ पासून देवनारला कचरा टाकला. जानेवारी २०१६ मध्ये तेथील आगीचा धूर शहरावर पसरला, तेव्हा कुठे अनेकांना त्या डोंगराची आठवण झाली. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ती रोजच होती. पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले.

हा कचरा निवडणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील. त्यांनी दया मागितली नाही. ओळखपत्र, कामाचा मोबदला आणि प्रतिष्ठा मागितली. सणाच्या सफाईत ओले-सुके वेगळे करणे, फुटकी काच कागदात गुंडाळून देणे हा केवळ टापटिपीचा भाग नाही. त्या काचेने कोणाचा हात कापायचा, हा त्यातला प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न मनाचा. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) घर आणि मन यांची सफाई कधी वेगळी मानली नाही. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांची डोकी झाडायची, हा त्यांचा क्रम. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, हे ते सांगत. लोकांसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाची स्वतःची मालमत्ता म्हणजे अंगावरच्या चिंध्या आणि एक मडके.

मनाच्या माळ्यावरचे सामान सहज निघत नाही. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली रद्द केली, हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आली, हाताने मैला उचलून घेण्यावर १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे झाले. तरीही लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी निघते, स्थळ जातीतच शोधले जाते आणि गटारात उतरलेला कामगार गुदमरून मरतो. कायद्याने बाद केलेले मनाने जपून ठेवले आहे.

मात्र सफाई म्हणजे सरसकट फेकणे नव्हे. जुन्या वह्या, सभांची इतिवृत्ते, मोर्चांची पत्रके हा केर नाही. चळवळीची ती स्मृती आहे. ती फडक्यात बांधून नीट ठेवावी. टाकायचे ते जुने रुसवे, पदांचे हिशेब आणि ‘हे काम आपले नव्हे’ ही भावना.

येत्या वर्षारंभी कार्यकर्त्याने एवढे करावे: घरातली केरसुणी स्वतः उचलावी, दारी येणाऱ्या कचरावेचक बाईला नावाने ओळखावे आणि तिचा मोबदला वेळेवर द्यावा. पूजा केरसुणीची झाली तरी चालेल. पण मान हाताला मिळाला पाहिजे.