एकट्याच्या ध्यानाविरुद्ध



अध्यक्षाने सत्काराबद्दल आभार मानावेत, दोन गोड शब्द बोलावेत आणि घड्याळाकडे बघत खाली बसावे, अशी आपल्याकडची रीत. आज ती मोडायची आहे, कारण तक्रार या सभागृहाविरुद्धच आहे. ‘शिबिर करून आलो’ असे सांगणारा माणूस पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात सहज भेटतो. शेजाऱ्याबरोबर रोज बसणारा मात्र शोधावा लागतो.

पालघरजवळ अल्याळीला ‘धम्म वाटिका’ हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतले दहा दिवसांचे शिबिर म्हणजे पहाटे चारची घंटा, नऊ दिवस आर्यमौन, आधी साडेतीन दिवस श्वासावर लक्ष, म्हणजे आनापान, आणि मग अंगावरच्या संवेदनांवर. राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाहीत. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. या शिस्तीला कुणी नावे ठेवू शकणार नाही. प्रश्न अकराव्या दिवसाचा आहे. त्या दिवशी साधक फाटकाबाहेर पडतो, डहाणू लोकल पकडतो आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला या, असे गोएंका गुरुजींनी बजावले होते. पहिली अट काही दिवस पाळली जाते. दुसरी आपण ऐकलीच नाही, असे वागतो. मग नाइट लागते, ओव्हरटाइम येतो, पोराचा ताप येतो; साधना सुटते आणि दोष आपल्या इच्छाशक्तीला देऊन माणूस मोकळा होतो. अहो, इच्छाशक्ती कमी नव्हती, माणसे कमी होती!

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली वीज वाहू लागली. त्याच वर्षी जुलैत गोएंकांनी मुंबईत भारतातले आपले पहिले शिबिर घेतले. योगायोगच. पण वीज, कारखाने आणि पाळ्या यांत जगणाऱ्या या गावांनी त्या परंपरेचा इतिहास जरा नीट वाचावा. गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, म्हणजे पक्के सरकारी नोकर. आपल्या कार्यालयातल्या माणसांनाही त्यांनी ध्यान शिकवले. रंगूनचे त्यांचे केंद्र १९५२ चे. आणि ऊ बा खिन ज्यांच्याकडे शिकले ते सया तेजी शेतकरी होते. शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी! तिघांनीही ध्यान शिकवले ते गृहस्थ राहूनच. एमआयडीसीतल्या ऑपरेटरला ‘आमच्या धंद्यात हे जमत नाही’ असे म्हणण्याची सोय या इतिहासाने ठेवलेली नाही.

आता घरचाच दाखला. आपल्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच. शिकारीच्या सहली सोडून राजा धर्मयात्रेला निघतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, असे तो लेख सांगतो. पालि वाङ्मयात पुण्ण स्थविरांची कथा आहे. ते सूनापरान्ताला निघाले. अभ्यासक तो प्रदेश सोपाऱ्याच्या आसपासचा मानतात. तिथले लोक तापट, ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, मग काय करशील, असे बुद्धांनी विचारले आणि प्रत्येक वेळी पुण्णांनी शांतपणे उत्तर दिले. हा संवाद आपल्या व्याख्यात्यांना पाठ आहे. कथेचा शेवट मात्र ते गाळतात. पुण्ण इथे आले आणि त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका उभ्या केल्या. सहनशीलतेचे बक्षीस म्हणून त्यांनी गुहा मागितली नाही, समाज बांधला. उपासिकांचा आकडा उपासकांइतकाच आहे, हेही समिती सदस्यांनी लिहून घ्यावे. आपल्या बैठकांची वेळ पुरुष ठरवतात आणि ती नेमकी स्वयंपाकाची असते.

एकट्याने बसण्याची गोष्टही पालि वाङ्मयात आहे. मेघिय नावाच्या भिक्खूला एक आमराई आवडली, म्हणून बुद्धांनी थांब म्हटले तरी तो एकटाच तिथे ध्यानाला गेला. वाईट विचारांनी त्याला असे घेरले की तो परत आला. मन अजून पिकले नसेल तर पहिली गरज कल्याणमित्राची, असे त्याला सांगण्यात आले. शिबिरातून आल्यावर अस्वस्थ झालेल्या, झोप उडालेल्या माणसाने आज बोईसरमध्ये कुणाकडे जायचे? (डॉक्टरकडे जायची वेळ कधी आली, हेही जवळच्यालाच आधी कळते.)

एकट्याने ध्यान करणाऱ्यांची ही एक फळी झाली. दुसरी फळी आपल्या चळवळीतली. ध्यान म्हणजे पलायन, तरुणांना थंड करण्याचे औषध, असे ती म्हणते. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत स्वतःपुरते पूर्णत्व शोधणाऱ्या भिक्खूवर कठोर प्रश्न उभा केला आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथात त्यांनी सम्यक समाधी वगळलेली नाही. मनाला कुशल विचारांची कायमची सवय लावणारी म्हणून तिचे महत्त्व सांगितले आहे. प्रस्तावना वाचून ग्रंथ मिटणाऱ्यांनी पुढची पानेही उलटावीत. ध्यानवाल्यांनीही विनयातला एक प्रसंग विसरू नये. हगवणीने आजारी पडलेल्या भिक्खूकडे सोबतचे कुणी बघत नव्हते. तेव्हा बुद्धांनी आनंदाला घेऊन त्याला स्वतः धुतले आणि बाकीच्यांची कानउघाडणी केली. शेजारची खोली ज्याला दिसत नाही, त्याच्या संवेदना कितीही सूक्ष्म असोत, त्याचे ध्यान कच्चे आहे.

येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल आणि विहारांत ग्रंथवाचन लागेल. वाचनाआधी अर्धा तास आनापान ठेवा. नाइट करून येणाऱ्यांसाठी सकाळी आठची वेगळी बैठक ठेवा. संध्याकाळची वेळ महिलांना विचारून ठरवा. वारली शेजारी येवो की बिहारहून आलेला कामगार, त्याला आधी बसायला जागा द्या, चौकशा मागाहून. लागोपाठ दोनदा न आलेल्याच्या घरी कुणीतरी जाऊन यावे, ही जबाबदारी नावानिशी वाटून द्या. भाषणे पुरे झाली. पदाधिकाऱ्यांनी या वेळा आणि ही नावे आजची सभा संपण्यापूर्वी जाहीर करावीत.