अंगणांतील तुषार-संचाचें दुखणें

माढ्याचें चैत्रांतलें ऊन असें कीं, दोन दिवस पाणी चुकलें तर अंगणांतली हिरवळ पिवळी पडते. आमच्याच तालुक्यांत भीमेवर १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण आहे; आमचें अंगण मात्र कूपनलिकेवर, आणि ती उन्हाळ्यांत आटूं लागते. अशा वेळीं संचाचे चारी फवारे मंदावले. मीं दोष मोटरीला दिला, तो खोटा ठरला.

सर्वच फवारे मंदावले तर दोष मुळाकडे, म्हणजे गाळणींत, अर्धवट उघडलेल्या चावींत किंवा जमिनीखालीं फुटलेल्या नळींत शोधावा. हिरवळीचा एखादाच तुकडा सदा ओला दिसला, तर नळी तेथेंच फुटली समजावें. आमच्या गाळणींत रेती निघाली. ती धुतल्यावर तीन फवारे उडूं लागले, चौथा मुकाच! त्याच्या तोंडांत जड पाण्यांतील चुन्याचें पांढरें कीट बसलें होतें. तें टांचणीनें खरवडूं नये, भोंक मोठें होऊन फवारा बिघडतो. (हा पराक्रम मीं केलेला आहे.) तोंड काढून रात्रभर व्हिनेगरांत किंवा लिंबाच्या रसांत भिजवावें व जुन्या ब्रशानें घासावें. पुन्हां बसविण्यापूर्वीं नळी क्षणभर मोकळी वाहूं द्यावी, म्हणजे सैल झालेली घाण परत तोंडांत अडकत नाहीं.