द्राक्षारसाची प्रत आणि माणसाचें कूळ
(महोत्सवाच्या मिस्सेनंतर केलेलें भाषण)



या महोत्सवाच्या तयारींत एक प्रेमळ सूचना पुढें आली, कीं आजच्या मिस्सेकरितां फ्रान्स देशाचा नामांकित द्राक्षारस आणावा. तीमागील भक्ति आम्ही जाणतों. म्हणूनच तिचें उत्तर सर्वांसमक्ष देतों.

द्राक्षारसाची प्रत गुण व उगम या दोहोंवरून ठरवितात. 1855 सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं बोर्दो प्रांतांतील तांबड्या द्राक्षारसाचे पांच वर्ग लाविले, ते मुख्यत्वें बाजारभाव पाहून. पुढें 1935 सालच्या कायद्यानें भूमि, द्राक्षाची जात, पिकाचें प्रमाण व रस करण्याची रीत यांचे नियम बांधून दिले. ते पाळल्यावांचून त्या गांवाचें नांव बाटलीवर घालतां येत नाहीं. जर्मनींत ताज्या रसांतील साखर मोजून पायऱ्या लावितात. आपल्या देशांत 1999 सालीं भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला व त्याखालीं नाशिक खोऱ्यांतील द्राक्षारसाची नोंद झाली. आपला मुलूखही यांत परका नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता या प्रवाशानें दौलताबादच्या द्राक्षांविषयीं लिहून ठेविलें आहे, कीं तीं वर्षांतून दोनदां येतात.

आतां ख्रिस्तसभा काय मागते? तिच्या कायद्याचें 924 वें कलम इतकेंच सांगतें, कीं रस वेलीच्या फळाचा, स्वाभाविक व न नासलेला असावा. मळा, वर्ग व किंमत यांविषयीं तेथें अक्षर नाहीं. एकदां आमच्याच निष्काळजीपणानें चांगल्या मळ्याची बाटली उघडी राहिली व रसाचा सिरका झाला. तो वेदीवर चालला नाहीं. उगम उत्तम असला तरी राखण पाहिजे.

बंधूंनो, बाटलीचें कूळ विचारणें योग्य आहे. त्यानें भेसळ टळते. परंतु आपल्यांतील पुष्कळांच्या आजोबांना पाणवठ्यावर कूळ विचारलें गेलें, आणि तोच प्रश्न आज सोयरीक जुळवितांना आपण एकमेकांस विचारतों, हें बोलतांना आम्हांस लाज वाटते. एकाच वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांत प्रती लावणें हें पाप आहे. काना गांवच्या लग्नांत सर्वांत उत्तम द्राक्षारस निघाला तो पाण्याच्या रांजणांतून. त्याला मळा नव्हता कीं कूळ नव्हतें.

म्हणून आज साधाच, पण शुद्ध रस वेदीवर ठेविला. वांचलेली रक्कम गरीब मुलांच्या शिक्षणाकडे जाईल, आणि तीं मुलें कोणत्या वस्तींतील, हें कोणी विचारणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.