चावी कोणाकडे?

(वलगाव येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आपल्या बहुतेकांच्या हातातली वही आता मोबाईलमध्ये गेली आहे. तिच्यात काय लिहिलेले असते? कोणत्या बहिणीला नवऱ्याने घराबाहेर काढले, कोणाच्या जन्मदाखल्यात नाव चुकले, कोणाचे रेशन बंद झाले. ही माहिती त्या माणसांची आहे. आपल्याकडे ती अमानत आहे.

"आमचे अ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे," असे तुम्ही सांगता. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मजकूर फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि चावी आपल्याकडे राहते. कंपनी विकली गेली म्हणून ती चावी नव्या मालकाच्या हाती लागत नाही. पण पुढचे अपडेट तो पाठवतो, अटी तो लिहितो आणि सेवा चालू ठेवायची की नाही, हेही तोच ठरवतो.

स्किफ हे असेच एन्क्रिप्टेड ईमेल आणि लिखाणाचे अ‍ॅप होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशनने ते विकत घेतले आणि सेवा बंद करण्याचे जाहीर केले. माहिती काढून न्यायला लोकांना सहा महिने मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टँडर्ड नोट्स प्रोटॉनकडे गेले, ते मात्र चालू राहिले. बेंडिंग स्पून्सने एव्हरनोट घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये मोफत वापर ५० नोंदींवर आणला. म्हणजे मालक बदलला की दगा होतोच असे नाही, पण जुना भरवसा नव्याने तपासावा लागतो.

हिजरतचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मक्का सोडताना पैगंबरांनी लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अलींना मागे ठेवले. त्या ठेवींत विरोधकांच्याही होत्या. ठेव सांभाळणाऱ्याची पारख तो निघून जाताना होते. अ‍ॅपलाही हाच निकष लावा: जाताना माझी ठेव मला पूर्ण परत मिळेल का?

म्हणून चार गोष्टी करा. अ‍ॅपचा कोड खुला आहे का, बाहेरच्या जाणकारांनी तो तपासला आहे का, ते पाहा. महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी बाहेर काढून उघडून बघा. ती प्रत उघडी असेल, तर तिलाही कुलूप लावा. पासवर्ड कागदावर लिहून घरी जपून ठेवा, कारण अशा अ‍ॅपमध्ये तो हरवला तर कंपनीही नोंदी उघडून देऊ शकत नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पीडित बहिणीचे नाव, पत्ता, आधारचा फोटो नोंदीत ठेवूच नका. क्रमांक द्या, आणि काम संपले की नोंद पुसा.

बैठक संपल्यावर लगेच पांगू नका. इथेच बसून प्रत्येकाने आपल्या नोंदी बाहेर काढून पाहू. ज्यांच्या निघणार नाहीत, त्यांनी आजच अ‍ॅप बदलायचे.