कचऱ्याचा जमा-खर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कचरा हा विषय घेऊन मी आपल्यापुढे उभी आहे, याचे काहींना नवल वाटले असेल. खरे सांगायचे तर हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या सुनेने तो माझ्यापुढे ठेवला. आमच्या घरी ओला कचरा निराळा, सुका निराळा, रद्दी निराळी, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या, असा सारा थाट असतो. एके दिवशी ती म्हणाली, "आई, हा खटाटोप आपण कशासाठी करतो? खाली गाडीत तर सगळे एकत्रच टाकतात."

मी शाळेत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला 'कारण तसे पुस्तकात लिहिले आहे' असे उत्तर देऊ नये, हा धडा मी तेथे शिकले. सुनेचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. आपला समाज व्यापारी समाज आहे. जमा आणि खर्च मांडल्याशिवाय आपण कोणताही व्यवहार चांगला किंवा वाईट म्हणत नाही. म्हणून या खटाटोपाचाही जमा-खर्च मांडून पाहावा, असे मी ठरवले. तोच आज आपल्यासमोर ठेवते.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टची स्थापना झाली, त्या काळातील घर आठवून पाहा. वाण्याकडून सामान कागदी पुड्यांत येई आणि पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जाई. तेल आणण्यासाठी घरची किटली जाई, दुधासाठी घरचे भांडे. जुन्या लुगड्यांची वाकळ होई, वाकळ विरली की तिचे पायपुसणे होई. बोहारीण दारावर येई आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देऊन जाई. केराच्या टोपलीत उरत असे ते राख, धूळ आणि भाजीचे देठ. त्या पिढीने 'पुनर्वापर' हा शब्द ऐकलाही नव्हता. परंतु तिच्या घरातून बाहेर पडणारे जवळजवळ सर्व काही माती पुन्हा आपल्या पोटात घेऊ शकत होती. त्या काळाचे मी अवास्तव गुणगान करू इच्छित नाही. त्या काटकसरीमागे टंचाईही होती, आणि तिचे कष्ट बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्याला येत.

आज आपल्या टोपलीत काय असते? भारतीय घरातील कचऱ्याचा साधारण निम्मा भाग आजही ओला असतो. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, काच, धातू, नाना जातींचे प्लॅस्टिक, औषधांची वेष्टने, बॅटऱ्या, डायपर असे सारे काही असते. यांतील प्रत्येकाचा हिशेब निराळा आहे. 'पुनर्चक्रीकरण करावे की करू नये' असा एकच प्रश्न विचारला की एकच उत्तर मिळते आणि ते बहुधा चुकीचे असते.

जमेच्या बाजूने प्रथम धातू घेऊ. आपल्यापैकी अनेकांची सराफीची परंपरा आहे. मोडीत आलेल्या सोन्याला कोणी कचरा म्हणत नाही. ते वितळवून नवा दागिना घडवला जातो. ॲल्युमिनियमचेही तसेच आहे. बॉक्साइट या खनिजापासून ते नव्याने तयार करण्यास प्रचंड वीज लागते. जुने ॲल्युमिनियम वितळवून घेतले तर त्या ऊर्जेची सुमारे ९५ टक्के बचत होते. लोखंड, तांबे, पितळ यांतही मोठी बचत आहे. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते. कागदाचा तंतू दर फेरीत आखूड होत जातो, तरीही तो पाच-सहा वेळा उपयोगी पडतो. या वस्तू भंगारवाल्याकडे किंवा रद्दीवाल्याकडे देण्याचे श्रम निश्चितपणे सत्कारणी लागतात, आणि त्याबद्दल चार पैसेही मिळतात.

आता खर्चाची बाजू. प्लॅस्टिकच्या बाबतीत आपण स्वतःची समजूत घालत आलो आहोत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, १९५० पासून २०१५ पर्यंत जगात जमलेल्या एकूण प्लॅस्टिक कचऱ्यापैकी केवळ ९ टक्के कचऱ्याचा पुन्हा माल झाला. १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीवर किंवा निसर्गात साचला. पाण्याच्या बाटलीपासून धागा बनतो, दुधाच्या पिशवीपासून दाणे बनतात, हे खरे. परंतु वेफर्सच्या चकचकीत पुडीत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. ती पुडी आपण कितीही निष्ठेने धुऊन ठेवली, तरी तिच्यापासून नवी पुडी होत नाही. तिच्याबाबत एकच उपाय खरा, तो म्हणजे ती घरात कमी आणणे. आपल्या परंपरेत अपरिग्रहाचे स्थान मोठे आहे. येथे तो केवळ आध्यात्मिक उपदेश न राहता अगदी रोकडा हिशेब ठरतो. जी वस्तू घरात आलीच नाही, तिची विल्हेवाट लावावी लागत नाही.

पुनर्वापराच्या नावाखालीही कधी कधी नवा संग्रह सुरू होतो. प्लॅस्टिकला पर्याय म्हणून समारंभांत सुती पिशव्या वाटण्याची प्रथा पडली आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०१८ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की नव्या सुती पिशवीला साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायची असेल, तर केवळ हवामानावरील परिणाम धरला तरी ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. इतर सर्व परिणाम धरले तर ही संख्या काही हजारांवर जाते. कापसाला लागणारे पाणी, खते आणि गिरणीतील ऊर्जा यांचे हे ऋण आहे. मात्र जुन्या साडीची किंवा पँटची पिशवी शिवली, तर हे ऋण जवळजवळ उरत नाही. ते कापड आपले आयुष्य जगून झालेले असते. आपल्या सुवर्णमहोत्सवात भेट म्हणून छापील पिशव्या वाटण्याचा विचार चालू आहे, असे मी ऐकते. विश्वस्तांनी राग मानू नये, परंतु माझ्या कपाटात अशा अकरा पिशव्या घडी करून ठेवलेल्या आहेत. बारावी मी वापरेन, असे वचन मला देववत नाही.

यापुढे ओल्या कचऱ्याचा विषय येतो, आणि तेथे आपल्या समाजात एक प्रामाणिक शंका आहे. घरात खत करावयाचे म्हणजे सूक्ष्म जीव आणि किडे निर्माण होणार. मग तो दोष कोणाचा? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार साधु-साध्वींचा आहे; मी केवळ कुजण्याची क्रिया कशी घडते, ते सांगू शकते. आपण अन्न टाकले की ते कुजणारच. घरी नाही तर कचराभूमीवर कुजेल. तेथे ढिगाखाली हवा पोहोचत नाही, म्हणून मिथेन वायू निर्माण होतो. तापमानवाढीच्या बाबतीत शंभर वर्षांचा हिशेब धरता तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून अधिक प्रभावी आहे. हाच वायू पेटतोही. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर शहरावर पसरला. उलटपक्षी, घरच्या कुंडीत ओल्या थरावर तेवढाच सुक्या पानांचा थर दिला, तर हवा खेळती राहते, दुर्गंधी येत नाही आणि अळ्याही फारशा होत नाहीत.

शिवाय आपण ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकतो, तेव्हा काय होते? रस्त्यावरची गाय ती गाठ सोडू शकत नाही. आतल्या पोळीच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. शस्त्रक्रिया करून गायीच्या पोटातून तीस-तीस किलो प्लॅस्टिक काढल्याच्या नोंदी आहेत. आपण पांजरपोळाला दान देतो, ते थोर कार्य आहे. परंतु एका हाताने पांजरपोळाची पावती फाडावी आणि दुसऱ्या हाताने ती गाठ मारावी, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही. साधूंच्या पाच समितींत वस्तू उचलताना-ठेवताना दक्षता बाळगण्याची आदान-निक्षेपण समिती आहे, आणि टाकण्याजोगे ते जीवांना इजा होणार नाही अशा ठिकाणी पाहूनच टाकण्याची उत्सर्ग समितीही आहे. टाकण्यालाही आचारधर्माचे स्थान देणारी ही परंपरा आपली आहे. गृहस्थाने तिचा अंशमात्र पाळला तरी गाठ मारलेली पिशवी त्याच्या हातून रस्त्यावर पडणार नाही.

आता सुनेच्या मूळ प्रश्नाकडे वळते. गाडीत सगळे एकत्रच जात असेल तर? खरे-खोटे करण्यासाठी मी एका सकाळी स्वतः खाली जाऊन उभी राहिले. तिचे म्हणणे खरे निघाले. आमचे दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिते झाले. मनातून मी हरले होते. परत फिरणार, तोच गाडीच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंकडे लक्ष गेले. त्या उघड्या हातांनी आमच्या सोसायटीतील आंबलेल्या भातातून बाटल्या आणि पुठ्ठे वेचून एका गोणीत भरत होत्या. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मी विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "काच लागली, बाई. कुणीतरी गिलास फोडून तसाच टाकलेला."

तेथे मला उत्तर सापडले. कचरा वेगळा करण्याचे कष्ट आपण केले नाहीत म्हणून ते वाचत नाहीत. ते दुसऱ्याच्या हातावर जातात. स्वयंपाकघरात जे काम दहा मिनिटांचे आणि स्वच्छ असते, तेच गाडीच्या मागे दिवसभराचे होते, घाणेरडे होते आणि जखम करणारे होते. कागद, काच, पत्रा वेगळा होणारच आहे, कारण त्यावर कोणाचे तरी पोट आहे. तो कोणाच्या हाताने आणि कोणत्या अवस्थेत वेगळा व्हावा, एवढेच आपल्या हाती असते.

पुण्यातील कचरावेचकांनी हे फार पूर्वी ओळखले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदारी कचरा गोळा करू लागले. त्यांनी नागरिकांकडे मागितले ते फारसे अवघड नव्हते. ओले-सुके वेगळे द्या, आणि वापरलेले सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला ते उघडून पाहावे लागणार नाही. एका लाल ठिपक्याला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांनी एका माणसाची केवढी अवहेलना टळते, याचा आपण विचार करावा.

म्हणून माझा जमा-खर्च असा आहे. वेफर्सची पुडी धुण्यात श्रम घालवू नका. ती आणणे कमी करा. धातू, काच, कागद अवश्य द्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडा पुन्हा कोणाच्याच हाती लागत नाही. फुटकी काच आणि पाती जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहा. बॅटऱ्या आणि पारा असलेल्या नळ्या निराळ्या ठेवा. आणि काहीच जमले नाही, तरी ओले आणि सुके एकत्र करू नका. गाडीत ते एकत्र झाले तरीही करू नका. कारण तेथेही कोरडा पुठ्ठा वेचणे सोपे जाते आणि कोरड्या पुठ्ठ्याला भाव मिळतो. गाडीबद्दल तक्रार अवश्य करावी. आमच्या सोसायटीने ती लेखी केली आणि काही महिन्यांनी गाडीत कप्पे झाले. आजही एखादे वेळी सारे एकत्र पडते. मग पुन्हा पत्र लिहावे लागते.

शेवटी ट्रस्टकडे दोन विनंत्या करते. आपल्या सामूहिक भोजनात पुन्हा स्टीलची ताटे यावीत. ती धुण्याची पाळी युवक मंडळाने आणि आम्ही ज्येष्ठांनीही वाटून घ्यावी, ती केवळ भगिनींवर पडू नये. ताट धुऊन ते पाणी पिणारे आपले आजोबा-आजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ताटात काही न टाकण्याचे महत्त्व मी सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरी विनंती म्हणजे, सुवर्णमहोत्सवाची पिशवी द्यायचीच असेल, तर ती आपल्याच घरांतील जुन्या साड्यांची शिवून द्यावी. तीवर ट्रस्टचे नाव ठळक छापता येणार नाही, हे मी मान्य करते.

माझी सून अजूनही प्रश्न विचारते, आणि विचारावेच. मात्र परवा घरात एक पेला फुटला, तेव्हा तिने तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि नातवाकडून त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहून घेतले. गाडीमागच्या त्या बाईंना वाचता येत नसेल तर काय, असे नातवाने विचारले. मग त्याने खाली काचेचे चित्रही काढले.